हवेला कुलूप

मला राग आला की मी ओरडत नाही. मी पासवर्ड बदलतो.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला, माधुरीलासुद्धा नाही. आज सांगून टाकतो. आमच्या शेजारच्या शकूअक्कांनी नगरमधल्या झाडून सगळ्या इंटरनेट कंपन्यांशी जे भांडण केलं आणि ज्याची आठवण काढून आमची कॉलनी अजून हसते, त्या भांडणाच्या मुळाशी एकाही कंपनीचा दोष नव्हता. कंपन्यांचे बाकी दोष पुष्कळ असतील. तो मात्र नव्हता. नेट गेलंच नव्हतं. मी तोडलं होतं.

अक्का एसटीत कंडक्टर होत्या. नवरा ड्रायव्हर; तो गेल्यावर त्याच्या जागी लागल्या आणि निम्मा जिल्हा त्यांनी उभ्यानं पालथा घातला. नोकरी संपली, पण खांद्यावरची कातडी बॅग उतरली नाही. भाजी आणायला तीच, लग्नाला जायला तीच. बोलणं संपलं की समोर जे असेल त्यावर, मग ते टेबल असो, खांब असो की माझी स्कूटर, बोटानं दोनदा टकटक करतात. डबल बेल. गाडी सुटली, आता कुणी बोलायचं नाही.

आणि कुठल्याही व्यवहारात त्यांचा पहिला प्रश्न एकच. "टप्पा सांगा." एसटीचं भाडं टप्प्यांवर ठरतं. कुठून चढला, कुठं उतरणार, तेवढ्याचेच पैसे. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या तरी अक्का चिठ्ठी पुढ्यात धरून विचारणार, "ह्यांचा टप्पा सांगा. कुठवर नेत्यात?"

त्यांचं माहेर शनिशिंगणापूर, म्हणजे बिनदाराच्या घरांचं गाव. नगरच्या नागापुरातल्या त्यांच्या घराला बिल्डरनं दार बसवून दिलंय, त्याला अक्कांचा नाइलाज आहे. ते दिवसभर विटेला टेकवून उघडं ठेवलेलं असतं आणि त्यावर ओली लुगडी वाळतात.

आमच्याकडे वायफाय आलं तेव्हा अक्का मोबाईल घेऊन हजर झाल्या. "सुधीरभाऊ, तुमच्याकडं हवेतलं नेट आलंय म्हनं. ह्याला जोडा."

मी पासवर्ड टाकू लागलो. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. म्हटलं, कुलूप आहे.

"हवेला कुलूप?" अक्का इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. "आमच्या गावात घराला दार न्हाई, आन् तुमी हवेला कुलूप लावता व्हय!"

तेव्हापासून रोज दिवेलागणीला अक्का आमच्या ओट्यावर. मोबाईल कुंडीला टेकवून उभा करायचा, समोर मांडी घालून बसायचं आणि गावाकडच्या धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावायचा. मग सुरू. "जेवलीस का? अगं जेवलीस का? गोदे, जेवलीस का?" आवाज असा, की चालत्या गाडीत मागच्या बाकावरच्या माणसाला तिकीट विचारतायत. पलीकडून उत्तर कधी ऐकू यायचं नाही. मी म्हणायचो, कसं येणार, ही बाई बोलू देईल तर ना! कॉल संपला की कुंडीवर टकटक. ओट्यावर शेंगदाण्याच्या चटणीची वाटी ठेवलेली असायची. ते नेटचं भाडं.

मी नागापूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. आमच्या साहेबांना संध्याकाळी ऑनलाइन मीटिंग घेण्याची हौस. त्या दिवशी माल उशिरा आला म्हणून माझी सगळ्यांसमोर हजेरी घेणं चाललं होतं. साहेब म्हणाले, "सुधीर, आता तूच सांग, काय करायचं?" मी माइक सुरू केला. खिडकीतून अक्कांचा आवाज आत आला.

"तोंड उघड! आ कर! दात दाव मला, दात!"

मग साहेब म्हणाले, "दाखव बाबा. बाई एवढं म्हणतायत तर दाखव."

सगळा विभाग हसला. परवा रुजू झालेला पोरगासुद्धा हसला. मीही हसलो. हसतच मीटिंग संपवली, आणि दात-ओठ खात राउटरचा पासवर्ड बदलला. माधुरीच्या मोबाईलमध्ये नवा पासवर्ड तिच्या नकळत टाकून दिला. अक्कांच्या नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावरून हाक आली. "भाऊ, चाक फिरतंय नुसतं. गोदी दिसना."

"नेट गेलंय, अक्का," मी आतूनच म्हणालो. "कंपनीचं काहीतरी असेल."

माझा हिशोब साधा होता. चार दिवस बसतील, कंटाळतील, आपल्या घरी जातील. वीस वर्षं खरेदीत काढून मला माणसाची एवढीच पारख आली होती. अक्का ओट्यावरून उठल्या खऱ्या, पण घरी गेल्या नाहीत. "गेलंय म्हंजी? तुमी पैसे भरल्यात ना?" असं म्हणत त्यांनी बॅग खांद्याला लावली.

सकाळी त्या माझ्या नेटच्या कंपनीच्या ऑफिसात उभ्या होत्या. बिल माझं, तक्रार माझ्या नावाची, राग त्यांचा. तिथल्या मुलीनं हेल्पलाइनला फोन लावून हातात दिला. आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है, हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर अक्का त्या फोनवर ओरडल्या, "महत्त्वाचा हाय तर उचल की मर्दा! मी काय गाणं ऐकाया आले का?"

दुपारपर्यंत लाइनमन आमच्या दारात आला. नाव संतोष. त्यानं राउटरला वायर लावून पाहिलं. "साहेब, स्पीड तर पूर्ण येतोय."

"माझ्यावर येत न्हाई ना!" अक्कांनी मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला.

संतोषनं स्क्रीनकडे पाहिलं. त्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं, पासवर्ड चुकीचा आहे. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. संतोष काय समजायचं ते समजला. "मावशी, वरूनच प्रॉब्लेम असंल," असं म्हणून त्यानं वायरी गोळा केल्या. मग ओट्यापासून फाटकापर्यंत अक्कांनी त्याचा जो उद्धार केला, तो खरं तर माझ्या वाटणीचा; त्यानं तो मान खाली घालून ऐकला. मी फाटक लावून घेतलं.

आता सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण खोटं बोलल्यावर त्यात राहायची सवय फार लवकर होते. अक्कांची चाहूल लागली की मी टीव्ही बंद करायचो. माधुरीला सांगितलं होतं, नेट येतं-जातं, अक्का बसल्या की नेमकं जातं. स्वतःच्या पैशाचं नेट चोरून वापरणारा नगर जिल्ह्यातला मी एकटाच असेन.

"तुमाला फसवलंय भाऊ," अक्कांनी जाहीर केलं. "तुमी भिडस्त. तुमाला दुसरी कंपनी मी बघून देते."

मग सुरू झाला अक्कांचा सर्व्हे. कातडी बॅगेत कंपन्यांची पत्रकं भरून घेऊन त्या सकाळी निघायच्या. कुठली कंपनी कितीला देते, हे तोंडपाठ; फक्त त्यांना नाव घेणं मंजूर नव्हतं. एक टायवाला, एक चौकातला छत्रीवाला, एक गल्लीतला केबलवाला. रात्रीचं जेवण होण्याआधी त्या आमच्या उंबऱ्यात उभ्या राहून अहवाल द्यायच्या आणि माधुरीला हसू आवरायचं नाही.

"टायवाला म्हनला, शंभरपर्यंत स्पीड. म्हनलं, पर्यंत म्हंजी? मी पारनेरचं तिकीट फाडून मानसाला सुप्यात उतरवलं असतं, आन् म्हनले असते पारनेरपर्यंत म्हनले हुते, तर त्यानं माझी वेणी उपटली असती!"

"छत्रीवाला म्हनतो अनलिमिटेड. खालच्या बारीक अक्षरात काय, तर ठराविक वापर झाला की स्पीड कमी. म्हंजी गाडी कुठंबी जाती, फक्त घाट आला की तुमी उतरून ढकला!"

"राउटर फुकट म्हनं. आन् त्याचं डिपॉझिट? फुकट गोष्टीचं डिपॉझिट घेत्यात का? वर अजून जीएसटी. तिकिटावर छापलं त्याच्यावर मी कधी चार आणे घेतले असते तर घरी बसवलं असतं मला."

"बारा ॲप देतो म्हनाला पिच्चरचे. मला भाकर पायजे, हा बारा लोनची दावतोय!"

मोबाईलचं रिचार्ज मारा, तेवढ्यावर व्हिडिओ कॉल होईल, असं माधुरीनं सुचवलं. अक्का खवळल्या. "अठ्ठावीस दिवसांचा महिना! कुठल्या कॅलेंडरात हाय? मला पगार अठ्ठावीस दिवसांचा दिला असता तर मी डेपोच बंद पाडला असता." ते रिचार्ज त्या तत्त्व म्हणून मारत नव्हत्या. मोबाईल फक्त साधे फोन यायला-जायला चालू ठेवला होता.

खरं सांगायचं तर मला हे ऐकताना आनंद होत होता. कारखान्यात मी दिवसभर कोटेशनं ताडून पाहतो, पण घरचं नेट घेताना पहिल्या टायवाल्याला सही देऊन मोकळा झालो होतो. अक्कांचा शब्द न् शब्द खरा होता. आपल्याला रोज लुबाडतात आणि आपण रोज हसतो, म्हणून माझंही डोकं तापायचं. मग आठवायचं, की अक्का ज्या चोराला शोधतायत तो टाय लावत नाही.

आणि एकदा मी वाईटातला वाईट शब्द बोललो. म्हणालो, "अक्का, एवढी यातायात कशाला? बहिणीला साधा फोन करा की."

अक्कांनी बॅगेचा पट्टा नीट केला. "साध्या फोनावर काय व्हतंय, भाऊ," एवढंच, तेही हळू. टकटकही केली नाही. मी विचारलं नाही. सुटलो, असं वाटलं.

त्या दुपारच्या घरी नसायच्या. मला वाटायचं, कंपन्यांच्या ऑफिसांत असतील. माधुरी म्हणाली, "घोडेगावच्या गाडीत बसताना दिसल्या परवा. आजही." मी म्हटलं, तिकडचीही एखादी कंपनी बघत असतील. आम्ही दोघं हसलो.

मी कंपनी बदलायची टाळाटाळ करत राहिलो. बदलून काय, कुलूप मीच लावणार होतो. शेवटी अक्का वैतागल्या. "तुमच्यानं व्हायचं न्हाई. मीच घेते." आणि त्यांनी गल्लीतल्या केबलवाल्याचं नेट घेतलं. ते सगळ्यात स्वस्त नव्हतं.

"मग तेच का?" माधुरीनं विचारलं.

"त्यो एकटा म्हनला, अक्का, शंभर लिवलंय पन सत्तर येतील, आन् वारं सुटलं तर जाईल. टप्पा खरा सांगितला. बास."

नेट बसवायच्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं. दार विटेला टेकवलेलं. केबलवाला खुर्चीवर चढून राउटर ठोकत होता. खाली उतरून म्हणाला, "अक्का, पासवर्ड काय ठिवू?"

"ठिवू नको."

"अहो, अख्खी गल्ली वापरंल. फुकट."

"वापरू दे. येत्याल, ओट्यावर बसत्याल, कुनी चार शब्द बोलंल. घरात हाय कोन माझ्या?" मग माझ्याकडे बोट केलं. "आदी ह्यांचा मोबाईल जोड. ह्यांचं सारखं जातंय बिचाऱ्यांचं."

मी मोबाईल दिला. माझ्याच हातानं.

मग अक्कांनी कॉल लावला. पलीकडे भावाची सून दिसली, तिनं फोन वळवला आणि एक किरकोळ, पांढऱ्या केसांची बाई समोर आली. अक्का ओरडल्या, "जेवलीस का?" आणि ओरडता ओरडता पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली. पलीकडच्या बाईनं पोटावर हात फिरवला. तोंडातून आवाज नाही.

माधुरी माझ्याकडे बघायला लागली.

"जन्मापासून ऐकू येत न्हाई तिला," अक्का म्हणाल्या. "बोलता बी येत न्हाई. मी आपली उगंच वरडते, सवय. तिला हातावरचंच कळतं. नेट गेलं तवा तिनं जेवन सोडलं. दिसले न्हाई म्हंजी मेले, असं वाटतं तिला. समजावनार कसं? मग घोडेगावच्या गाडीत बसायचं, शिंगणापूरला जाऊन तोंड दावायचं, माघारी यायचं. गुडघं पार गेलं. पन काय करता, कंपनीच भाडखाऊ!"

हे सांगताना त्यांचे हात चालूच होते. माझ्याकडे दाखवलं, ओटा दाखवला, कुंडी दाखवली, दोन्ही हात छातीशी नेले. हा तो माणूस, ह्याच्या दारात मी बसत होते, असं असावं. गोदाबाईंनी मला वाकून नमस्कार केला. मग काहीतरी आठवून तोंड उघडलं, आ केला, आणि मला दात दाखवले. नवीकोरी कवळी.

"बसवली तवापासून सगळ्यांना दावती," अक्का म्हणाल्या आणि मोबाईलच्या कडेवर दोनदा टकटक केली. ती गोदाबाईंना ऐकू जाणार नव्हती, पण बोटं दिसली. पलीकडूनही दोन बोटं हवेत हलली.

आता माझ्या मोबाईलवर दोन नेट दिसतात. एकाला कुलपाची खूण आहे, एकाला नाही. अक्का अजून माझ्या कंपनीला शिव्या देतात आणि मी मान हलवतो. वाटलं होतं, लिहून टाकलं की भागेल. पण अक्का छापलेल्या कागदावर विश्वास ठेवत नाहीत. काय ते तोंडानं सांगा म्हणतात.

संतोषची माफी मागायची आहे. आणि अक्कांना समोर बसून सांगायचं आहे, की नेट गेलं नव्हतं, मी तोडलं होतं. अजून सांगितलेलं नाही.