सेंटर फील्डमधला जप

मुरलीधर हर्डीकरांना बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं आणि ते कळून घ्यायची त्यांची इच्छाही नव्हती. तरी त्या उन्हाळ्यात वेस्टर्न वॉम्बॅट्स या टीमच्या घरच्या मैदानावरची एकही मॅच त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, चित्रलेखाने, चुकवली नाही. मेलबर्नच्या टोकाला टार्निटमधल्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटं. डिकीत दोन घडीच्या खुर्च्या, चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा. कारण एकच होतं. त्यांची मुलगी ईशानी त्या टीमकडे नोकरीला लागली होती.

नोकरी हा शब्द मुरलीधरांना जरा मोठा वाटायचा. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आणि काम काय, तर पिचरने टाकलेला प्रत्येक बॉल कसा होता ते टॅबवर टिपायचं. सीझन संपला की कोच ठरवणार, पोरीला ठेवायचं की नारळ द्यायचा.

"युनीत चार वर्षं डेटा सायन्स शिकून शेवटी बॉलच मोजायचे?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"बाबा, ॲनालिटिक्स आहे ते. आणि मला हेच करायचंय. हेच!"

त्या दुसऱ्या 'हेच'ला तिचा आवाज कापला. त्या दिवसापासून मुरलीधरांनी देवाला कामाला लावलं. ईशानीची नोकरी पक्की होऊ दे, एवढंच मागणं. टीम जिंकते का हरते याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. पण टीम हरली की कोच लाल होतो, आणि कोच लाल झाला की समोर दिसेल त्याच्यावर खेकसतो, हे त्यांनी पहिल्या दोन मॅचमध्ये हेरलं होतं.

हेरलं होतं ते दुर्बिणीतून. घरच्यांना पास फुकट मिळतो, पण फुकटच्या पासाला खुर्ची नसते. मिळतो तो मैदानाच्या पार टोकाचा गवताचा उतार, सेंटर फील्डच्या कुंपणामागे. तिथून डगआउटमधली, म्हणजे खेळाडूंच्या बाकावरची, ईशानी मुंगीएवढी दिसायची. म्हणून मुरलीधरांनी एक चांगली दणकट दुर्बीण घेतली, आणि पोरगी पाणी पितेय का, टोपी घातलीय का, कोच तिच्याशी हसून बोलतोय का, यावर नजर ठेवू लागले.

आता ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. बेसबॉलमध्ये आपल्या विकेटकीपरसारखा एक कॅचर बॅटरच्या मागे उकिडवा बसतो. पुढचा बॉल सरळ वेगाचा टाकायचा की वळणारा, हे तो मांड्यांच्या मधे बोटांनी खूण करून पिचरला सांगतो. बॅटरला ती खूण दिसत नाही. दिसली तर अर्धं काम फत्ते. ती खूण समोरून स्पष्ट दिसेल आणि बॅटरलाही समोर बघितलं की दिसेल, अशी मैदानात एकच जागा असते. सेंटर फील्डच्या कुंपणामागची.

तिथे आपले हर्डीकर केशरी टोपी घालून, दुर्बीण लावून बसलेले.

बरं, नुसते बसले असते तरी चाललं असतं. पण वॉम्बॅट्सची बॅटिंग आली की त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागायचा. तर्जनी, मधलं, अनामिका, पुन्हा खालून वर. जप चालू. तीन स्ट्राइकला, म्हणजे मारण्याजोगे तीन बॉल हुकले की, बॅटर बाद होतो, एवढं त्यांना कळलं होतं. त्यामुळे दोन स्ट्राइक झाले की ते हात उलटसुलट करून दोन्ही कान पकडायचे, गालांवर हलक्या चापट्या मारून घ्यायचे, मग छातीला हात, कपाळाला हात. आणि मिच नावाच्या लुकड्या बॅटरने बॉल लांब हाणला की चित्रलेखा उभी राहून त्याच्या दिशेने हात ओवाळायची आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. "दृष्ट लागेल हो पोराला," ती म्हणायची. "काही खातो की नाही कोण जाणे."

सीझनच्या सुरुवातीला सलग सहा मॅच हरलेले वॉम्बॅट्स घरच्या मैदानावर हळूहळू जिंकायला लागले. मिच तर सुटलाच. जानेवारीअखेर टीम कशीबशी चौथी आली आणि प्लेऑफमध्ये पोचली. सेमीफायनल ॲडलेडच्या पेलिकन्सशी, तीनपैकी दोन जिंकायच्या, आणि आधीच ठरल्याप्रमाणे तिन्ही मॅच मेलबर्नला. शुक्रवारची पहिली वॉम्बॅट्सने नऊ-एक अशी मारली. मुरलीधर खुशीत घरी आले. शनिवारी सकाळी नऊला ईशानीचा फोन आला.

"बाबा, आत्ताच्या आत्ता क्लबवर ये. आईला पण आण. पेलिकन्सनी कम्प्लेंट केलीय."

"कुणाची?"

"तुमची."

क्लबच्या खोलीत लीगची अधिकारी शॅरन बसली होती. शेजारी पेलिकन्सचा मॅनेजर वेन, रापलेल्या चेहऱ्याचा उंच माणूस. भिंतीवरच्या पडद्यावर मुरलीधर हर्डीकर दिसत होते, सहा फूट बाय चार फूट, दोन्ही कान पकडलेले.

"मर्ली, मेट," वेन इंग्रजीत म्हणाला, "आम्ही तुमचे अख्ख्या सीझनचे व्हिडिओ पाहिलेत. अंगठा अनामिकेवर, म्हणजे खूण वाचली. कान पकडले, की आमच्या पिचरचा पुढचा बॉल वळणारा. शंभरात एकाहत्तर वेळा! आणि मॅडम बोटं मोडतात, म्हणजे काम झालं, असा निरोप."

"अय्या!" चित्रलेखा म्हणाली.

"हे काय आहे सांगाल का?" शॅरनने विचारलं.

"प्रेयर," मुरलीधर म्हणाले.

"कानांनी?"

"चूकभूल माफ कर, असं देवाला सांगायचं असतं."

"अशी कोणती चूक केली होती तुम्ही?" वेनने पटकन विचारलं.

अनंत चुका असतात माणसाच्या, हे इंग्रजीत कसं सांगायचं? त्यांनी ईशानीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आरोप सिद्ध झाला तर वॉम्बॅट्स बाहेर, आणि पहिला नारळ कुणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. आपण पोरीची नोकरी पक्की करायला बसलो होतो, आणि आपल्याच हाताने ती घालवली, असं वाटून त्यांना रडू यायचं बाकी राहिलं.

ईशानी उठली. तिने आपला टॅब पडद्याला जोडला.

"बाबा कान पकडतात ते दोन स्ट्राइक झाले की," ती इंग्रजीत म्हणाली. आवाज आधी बारीक होता, मग सरळ झाला. "आणि दोन स्ट्राइकनंतर पेलिकन्सचे पिचर वळणारा बॉल टाकतात शंभरात एकाहत्तर वेळा. इथेही, आणि ॲडलेडमध्येही. ॲडलेडला बाबा नव्हते. तेव्हा ते घरी टार्निटमध्ये लॉन कापत होते. तुमचं गुपित बाबा फोडत नाहीयेत, तुमचे पिचरच फोडतायत."

वेन उठून पडद्याजवळ गेला. मग म्हणाला, "याची कॉपी मिळेल का?"

शॅरनने निकाल दिला. पुरावा नाही, देवाला नमस्कार करायला लीगची मनाई नाही. तरी उरलेल्या मॅचना दुर्बीण घरी आणि हात मांडीवर. एक जरी खूण दिसली तरी प्रकरण पुन्हा उघडणार.

"मी येतच नाही ना मग," बाहेर आल्यावर मुरलीधर म्हणाले.

"वेडा आहेस का?" ईशानी म्हणाली. "नाही आलास तर सगळे म्हणतील बघा, चोर पळाला. त्याच जागेवर बसायचं. आणि हलायचं नाही."

"अगं, पण जप?"

"मनात कर."

तर मुरलीधर शनिवारी दुपारी हात मांडीवर ठेवून, फोटोला बसल्यासारखे बसले. वॉम्बॅट्स दोन-सात असे हरले. मिच चारदा आला, चारदा बाद झाला. दर दोन स्ट्राइकनंतर तो मान वर करून सेंटर फील्डकडे बघत होता. मॅचनंतर तो कुंपणापाशी आला आणि हळूच म्हणाला, "मेट, कानांना काय झालं?"

"कसले कान?"

"अहो, तुम्ही कान धरलेत की मी वळणाऱ्या बॉलची वाट बघतो. अख्खा सीझन त्यावर काढला. उद्या धराल ना?"

मुरलीधरांनी दोन्ही हात पटकन पाठीमागे लपवले. म्हणजे वेन खोटं बोलत नव्हता तर! पेलिकन्सचे पिचर सांगत होते हे खरं, पण मिचला ऐकू येत होतं ते आपल्या मार्फत. साठीला टेकलेला माणूस, जन्मात कधी कुणाची पेन्सिल उचलली नाही, आणि इथे अख्खा सीझन चोरी केली, तीही देवाचं नाव घेत!

"नाही धरणार," ते म्हणाले. "सॉरी. नो वरीज."

घरी जाताना त्यांनी चित्रलेखाला सांगितलं. ईशानीला सांगायची छाती झाली नाही.

"मग उद्या तुम्ही हातांवरच बसा," चित्रलेखा म्हणाली.

रविवारी दुपारी छत्तीस डिग्री ऊन होतं. मुरलीधर खरोखरच आपल्या दोन्ही तळहातांवर बसले होते. डावीकडे चित्रलेखा, उजवीकडे शॅरन, लीगतर्फे पहाऱ्याला. पलीकडे पेलिकन्सच्या बेंचवर एक माणूस दुर्बीण लावून उभा होता. त्याचं मॅचकडे लक्ष नव्हतं. तो फक्त मुरलीधरांकडे बघत होता.

शेवटचा डाव. स्कोअर चार-चार. वॉम्बॅट्सचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवर, म्हणजे घराच्या उंबऱ्याशी. दोन जण बाद. बॅटिंगला मिच, आणि मिचला दोन स्ट्राइक.

मिचने वर पाहिलं. मुरलीधरांचे हात खुर्ची आणि हर्डीकर यांच्यामध्ये घट्ट दाबलेले होते. कानांना मुंग्या आल्या. त्यांनी दात आवळले.

तेवढ्यात माशी आली. ऑस्ट्रेलियातली उन्हाळी माशी, जिला हाकललं तर ती लांब जात नाही, फक्त जागा बदलते. आधी ती डाव्या कानावर बसली. मुरलीधरांनी डावीकडे मान झटकली. ती उजव्या कानावर गेली. त्यांनी उजवीकडे झटकली. मग नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी दोनदा मान वरखाली केली आणि जोरात फुंकर मारली.

"खूण बदलली!" बेंचवरचा दुर्बीणवाला ओरडला. "आता मान हलवतोय!"

पेलिकन्सचा कॅचर उठून पिचरकडे धावला. तोंडावर ग्लव्ह धरून कुजबुज झाली, नव्या खुणा ठरल्या. तो परत येऊन बसला. माशी कपाळावर आली. केशरी टोपी डावी-उजवी हलली. कॅचर पुन्हा उठला, पुन्हा कुजबुज. तिसऱ्यांदा अंपायरने त्याला हटकलं, तसं त्याने बसल्या जागेवरूनच बोटं भराभर हलवून खुणांचा नवा क्रम सांगितला. पिचरने मान डोलावली. कोणता क्रम चालू आणि कोणता रद्द, हे त्या बिचाऱ्याला कळेनासं झालं होतं, असं पुढे त्यानेच सांगितलं.

कॅचर सरळ बॉलची वाट बघत बसला. पिचरने टाकला वळणारा. मिचने बॅटसुद्धा उचलली नाही. बॉल जमिनीवर आपटला, कॅचरच्या ग्लव्हखालून निसटला आणि मागच्या जाळीपर्यंत गेला. तिसऱ्या बेसवरचा गडी धावत घरी आला.

पाच-चार. वॉम्बॅट्स फायनलला!

चित्रलेखाने मिठी मारली तरी मुरलीधर हातांवरून उठले नाहीत. "मॅडम," त्यांनी शॅरनला विचारलं, "आता काढू का हात?"

"ती माशी होती, हे मी लिहून देईन," शॅरन म्हणाली.

फायनल पुढच्या आठवड्यात सिडनीला झाली. तिथे सेंटर फील्डला कुणी ओळखीचं नव्हतं. वॉम्बॅट्स सलग दोन मॅच हरले आणि सीझन संपला.

मंगळवारी दुपारी ईशानी घरी आली ती चपलाही न काढता सोफ्यावर बसली. कोचने बोलावलं होतं. काम उत्तम आहे, पण सगळीकडे गाजावाजा झाला, पुढल्या वर्षी क्लबला पुन्हा भानगड नको, म्हणाला. थोडक्यात, नारळ.

मुरलीधर तिच्यासमोर उभे राहिले. "माझ्यामुळे झालं हे," ते म्हणाले, आणि शनिवारपासून पोटात ठेवलेली मिचची गोष्टही सांगून टाकली. "मी नीट घरी बसलो असतो तर..."

"माहितीये मला," ईशानी म्हणाली. "मिच कधी तुझ्याकडे बघतो ते पण मी मोजलं होतं. तो तक्ता फक्त दाखवला नाही." आणि तिला एकदम हसू फुटलं. "बाबा, पुढचं ऐक ना. तासाभरापूर्वी वेनचा फोन आला. पेलिकन्सचा वेन! म्हणाला, आमच्या पिचरचं वैगुण्य आम्हाला तीन वर्षांत दिसलं नाही, तुला दिसलं. पर्मनंट जॉब, बाबा. अख्खा ॲनालिटिक्स विभाग माझ्याकडे. तुम्हाला दोघांना पास पण देणार आहेत, कॅचरच्या मागच्या रांगेतला. सेंटर फील्डला बसायचं नाही, हे मात्र लेखी हवंय त्यांना."

चित्रलेखाने तिला जवळ घेतलं. मुरलीधरांनी देवापुढे दिवा लावला, साखर ठेवली, मनसोक्त कान पकडले. कुणी चित्रीकरण करत नव्हतं. दोन मिनिटं झाल्यावर मात्र त्यांचे हात कानांवरच थांबले.

"ॲडलेडला म्हणजे... रोज जाऊन-येऊन नाही जमणार?"

"बाबा, सव्वासातशे किलोमीटर आहे. एक तारखेला निघेन मी." आणि ती फोनवर मैत्रिणीला बातमी सांगत वर आपल्या खोलीत गेली.

स्वयंपाकघरात चित्रलेखा शिऱ्यासाठी रवा भाजायला लागली. उलथनं जरा जोरातच वाजत होतं.

"नेमकं काय मागत होतात तुम्ही एवढे महिने?" तिने पाठमोरंच विचारलं.

"नोकरी पक्की होऊ दे."

"आणि कुठे, ते?"

"कुठे काय? आपण इथे राहतो, तो नाही का बघत?"

"सांगायला लागतं हो." तिने पदर नसल्यामुळे टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसले. "एवढा जप केलात आणि गाव सांगायला विसरलात."

मुरलीधर ओट्याला टेकून उभे राहिले. वरून ईशानीचं हसणं ऐकू येत होतं. तेवीस वर्षांपूर्वी पुण्यात, मेलबर्नच्या कंपनीचं पत्र हातात घेऊन ते असेच घरभर नाचले होते, आणि त्यांची आई देवापुढे बसली होती ती बराच वेळ उठलीच नव्हती.

"आईनंही तेव्हा नुसती नोकरीच मागितली होती," ते म्हणाले.

चित्रलेखाने गॅस बारीक केला आणि त्यांच्या हातात वेलदोड्यांची डबी दिली. मुरलीधर वेलदोडे सोलायला बसले.