शशिकलाकाकूंचं पातेलं

"आई येणार आहे तर बाहेरून बिर्यानी मागवू या," एवढंच विनिता म्हणाली होती. यात नामुष्की होण्यासारखं काय होतं, हे कुंदनला आजतागायत कळलेलं नाही.

आई म्हणजे गुणाबाई. मोरा बंदराच्या धक्क्यावर त्यांनी उभा जन्म मासळी विकली, आणि लेकीच्या पनवेलच्या फ्लॅटवर त्या पहिल्यांदाच दिवसभरासाठी येत होत्या. कुंदनने फोनवर मोठ्या उत्साहाने "पापलेट आणू का?" असं विचारलं, तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "जावय, मासली मना सपनात पन दिसते. मटनाची बिर्यानी आना."

जावयाबद्दल गुणाबाईंचं मत मेहुण्याच्या हळदीलाच ठरून गेलं होतं. तिथे वाढपी कुंदनच्या पानात मटण वाढायलाच विसरला. दुसऱ्या कुणी मांडव डोक्यावर घेतला असता. कुंदनने कोरडे वडे खाल्ले, पाणी प्यायला आणि "जेवण छान होतं" असं सांगून उठला. (त्याला सगळंच छान वाटायचं. न्हाव्याने एका बाजूचा कल्ला उडवला तरी तो आरशात बघून छानच म्हणायचा.) तेव्हापासून गुणाबाई म्हणत, "मानूस चांगला हाय, पन तोंड घरी ठेवून येतो." त्या हे त्याच्यासमोरच म्हणत आणि तो हसायचा. विनिताला मात्र हसू येत नसे. आईच्या देखत नवऱ्याने एकदा तरी कुणाला तरी ठणकावून काही सांगावं, एवढीच तिची इच्छा होती.

बिर्यानी बिल्कीसभाभींकडून यायची होती. शेजारच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला त्यांचं किचन. रविवारी बिर्यानीची मोठी देग चढते आणि कुवेतहून कायमचे परत आलेले त्यांचे मिस्टर ताहेरभाई काउंटर सांभाळतात. भाभींचा नियम असा की प्लास्टिकचे डबे मिळणार नाहीत. सकाळी आपलं भांडं टेबलावर नेऊन ठेवायचं आणि दुपारी भरलेलं उचलायचं. भांड्यावर नाव कोरलेलं असेल तर ते बघून भरतात, नसेल तर ताहेरभाई खडूने लिहितात.

विनिताने ऑर्डर आदल्या दिवशीच फोनवर दिली होती. कुंदनने फक्त घरातलं मोठं स्टीलचं पातेलं नेऊन ठेवायचं होतं. पण काउंटरला गर्दी होती. नाव लिहून घ्यायचं तर माणसं बाजूला सारावी लागली असती, ताहेरभाईंना हाक मारावी लागली असती. कुंदनने गुपचूप रांगेत पातेलं ठेवलं, ताहेरभाईंच्या पाठीकडे बघून ओळखीचं हसला आणि घरी आला. दुपारी तेच पातेलं गरमगरम उचलून आणलं.

विनिताने झाकण काढलं. आत बिर्यानी नव्हती. आत सांदणं होती. तांदळाच्या रव्याची, नारळाच्या दुधातली, पांढरीशुभ्र, गोड सांदणं काठोकाठ भरली होती.

गुणाबाईंनी आत डोकावून पाहिलं. "मटन बुडाला हाय का?"

"अहो, बदलून आणा," विनिता म्हणाली. "आणि नीट सांगा त्यांना. गप्प बसू नका."

कुंदन जिन्यातून वाक्य पाठ करत गेला: 'ताहेरभाई, ही काय पद्धत झाली?' काउंटरपाशी पोचेपर्यंत 'ही काय पद्धत झाली' गळालं आणि नुसतं 'ताहेरभाई' उरलं.

"बोला कुंदनभाई," ताहेरभाई प्रसन्न हसले. "खाना कसा वाटला?"

"छान," कुंदन म्हणाला.

"सुभानल्लाह. बिल्कीसला सांगतो. हे घ्या, वर दोन सांदणं न्या, घरच्यांना द्या."

कुंदन कागदात बांधलेली आणखी दोन सांदणं घेऊन घरी आला. गुणाबाईंनी कागदाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. नेहमीचं वाक्य त्यांनी टाकलं असतं तर तो नेहमीसारखा हसला असता. त्यांच्या गप्प बसण्याने त्याचे कान तापले. माणसाला लाज वाटली की भूक मरते म्हणतात, पण कुंदनला लाजही वाटत होती आणि भूकही लागली होती.

"पातेलं दे," तो विनिताला म्हणाला. "पुराव्यासकट जातो. आज बोलणारच."

विनिताचा चेहरा उजळला. तिने सांदणं ताटात काढली, पातेलं पुसायला उपडं केलं आणि तशीच थांबली. काठाखाली बारीक अक्षरांत कोरलेलं होतं: सौ. शशिकला.

ते पातेलं त्यांचं नव्हतंच.

शशिकलाकाकू म्हणजे वरच्या मजल्यावरच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. पक्क्या शाकाहारी, बिल्कीसभाभींची वेगळ्या भांड्यात वाफवलेली सांदणं तेवढी त्या मागवायच्या. कुंदन-विनिता इथे राहायला आले तेव्हा काकूंनी या पातेल्यातून मसालेभात पाठवला होता. आता आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. त्यात काहीतरी घालून द्यावं म्हणून विनिताने ते बाजूला ठेवलं. पण या घरात मनापासून शिजायची ती मासळीच, आणि काकूंना मासळी कशी द्यायची? चांगलं काहीतरी करू, मग देऊ, असं म्हणता म्हणता पातेलं ओट्यावर आलं, एके दिवशी गॅसवर चढलं आणि पुढे बोंबलाचं कालवण त्याच पातेल्यात जास्त चांगलं होतं असं दोघांचं मत पडलं.

"ताहेरभाईंनी नाव बघून काकूंची ऑर्डर भरली," विनिता हळू आवाजात म्हणाली. "आता तक्रार करू नका."

"आता तर मी बोलणार होतो."

"पातेलं पुढे केलंत की ते नाव वाचतील. काकू तिथेच रांगेत असतील. काय सांगाल?"

बाहेरून गुणाबाईंचा आवाज आला, "जावय, जाताव ना? जा, घाबरू नका."

आयुष्यात प्रथमच कुंदनच्या तोंडात तक्रार तयार होती, आणि आयुष्यात प्रथमच बायको त्याला गप्प बस म्हणत होती. मग विनितालाच सुचलं. सांदणं शाकाहारी होती. पातेलं परत द्यायला इतके दिवस जे सापडत नव्हतं ते आज आपण होऊन घरी आलं होतं. तिने सांदणं परत पातेल्यात रचली. "काकूंना देऊन या. घरी केलीत म्हणा. तसेच खाली जा आणि दुसरं भांडं मागून बिर्यानी आणा."

कुंदन वर गेला आणि त्याने बेल दाबली. काकूंनी दार उघडलं. मागे सोफ्याच्या कडेला ताहेरभाई बसले होते.

झालं असं होतं, की शशिकलाकाकूंना तक्रार करता येत असे. "तुमची दोन्ही पातेली भरली," असं त्यांना खाली सांगण्यात आलं, तेव्हा "मी एकच दिलं होतं, दुसरं कुणी नेलं?" असा त्यांनी जाब विचारला, आणि ताहेरभाई समजूत काढायला जातीने वर आले होते.

"अरे कुंदन, ये. काय आणलंस?"

पाठ केलेलं वाक्य कुंदनच्या तोंडातून कधी नव्हे ते अख्खं बाहेर पडलं. "काकू, तुमचं पातेलं. घरी सांदणं केली होती."

ताहेरभाईंनी पातेल्यात पाहिलं. प्रत्येक सांदणावर भाभी टेकवतात तसा अर्धा काजू होता. मग त्यांनी कुंदनकडे पाहिलं. कुंदनने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"अगंबाई, माझं पातेलं," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे दिलेलं विसरलेच, मी मेली कामवालीवर संशय घेत होते." त्यांनी उभ्या उभ्या एक सांदण तोंडात टाकलं. "काय सुरेख झालंय. ताहेरभाई, राग मानू नका, पण हे तुमच्याकडच्यापेक्षा हलकं आहे. खाऊन बघा."

ताहेरभाईंनी आपल्याच बायकोच्या हातचं सांदण सावकाश खाल्लं. "खरंच हलकं आहे," ते म्हणाले. "कुंदनभाई, यात काय घातलंत?"

"तांदूळ," कुंदन म्हणाला.

ताहेरभाईंनी वेळ निभावून नेली. "दुसऱ्याच कुणाचं पातेलं आम्ही तुमचं समजून भरलं, बाई. विसरून जा." आणि काकू तरी कुंदनला रिकाम्या हाताने कशा पाठवणार? त्यांनी आज आलेल्या सांदणांपैकी निम्मी आपल्या आणखी एका पातेल्यात काढली आणि त्याच्या हातात दिली. "बिल्कीसची आहेत. तुझ्याएवढी जमली नाहीत, पण चालतील."

जिन्यात ताहेरभाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एक शब्द टाकायचा ना, भाई. मला वाटलं, बिर्यानी तुम्ही केव्हाच नेलीत, तर ती अजून देगमध्ये झाकून ठेवलीय. बिल्कीस कधीची तुमच्या भांड्याची वाट बघतेय." चार शिव्या दिल्या असत्या तर कुंदनला सोपं गेलं असतं. त्या सौम्य आवाजाने त्याला जिन्याच्या पायरीखाली जाऊन बसावंसं वाटलं. बिर्यानी ताहेरभाईंनी स्वतः आणून दिली, भाभींच्या हंडीतून, वर दोनदा माफी मागून.

विनिता आईला म्हणाली, "बघ, असं झापलं यांनी की मालक स्वतः घेऊन आले."

गुणाबाई पोटभर जेवल्या. जेवताना दोनदा कौतुकाने जावयाकडे बघत म्हणाल्या, "नाय, तोंड हाय. वेलेवर उघडतो." कुंदनला मटणाचा तुकडा गिळवेना. हळदीला उपाशी उठला होता त्यापेक्षा आज भरल्या पानावर त्याला जास्त लाज वाटत होती.

संध्याकाळी त्या निघाल्या. उरलेली बिर्यानी नातवंडांना न्यायची होती. विनिताने घाईत ओट्यावरचं हाताला लागलेलं पातेलं घेतलं, त्यातली सांदणं ताटात ओतली, बिर्यानी दाबून भरली आणि वर फडकं बांधलं. कुंदन दारात उभा होता. गाठ मारताना काठाखालची अक्षरं त्याला स्पष्ट दिसली: सौ. शशिकला. शाकाहारी काकूंचं दुसरं पातेलं मटण घेऊन मोऱ्याला निघालं होतं.

त्याने तोंड उघडलं. गुणाबाई लगेच थांबल्या. आता बोलणारा जावई होता तो.

"बोला जावय. काय बोलताव?"

"सावकाश जा," कुंदन म्हणाला.

"जाते. नि पातेल्याची काळजी करू नका. रिकामा नाय पाठवायची मी. चांगले सोडे भरून पाठवते."

काकूंच्या पातेल्यात सुकवलेली कोळंबी. कुंदनने जिन्यातून वरच्या मजल्याकडे एकदा पाहिलं.

"छान," तो म्हणाला.