इंदूमावशीचे तीन कॅन

आमच्या शेजारची इंदूमावशी परक्या घरचं पाणी पीत नाही. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, तिच्या पिशवीत स्टीलची बाटली असते आणि बाटलीत स्वतःच्या विहिरीचं पाणी. जेवण मात्र ती कुणाकडेही पोटभर जेवते, वर आमटीत मीठ कमी पडलंय हेही सांगते. ती आमटी काही तुझ्या विहिरीच्या पाण्यात शिजलेली नसते, असं मी एकदा तिच्या लक्षात आणून दिलं. तर म्हणाली, "उकळल्यार पाण्याची जात जाता." चहा चालतो तो याच न्यायाने. शहाळंही चालतं, कारण "ता माडाचा पाणी, माणसांचा न्हय." शास्त्र स्वतःच करायचं असलं की पोथीची अडचण होत नाही.

पेडण्याच्या प्राथमिक शाळेत तिने तीस वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळला. मीही तिच्या हाताखालून गेलोय, आणि तो हात अजून माझ्या पाठीला आठवतो. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर शिकवायला पोरं उरली नाहीत, म्हणून तिने सगळ्या गावालाच तिसरीत बसवलं. "पाणी वळखूक व्हया," म्हणजे ओळखता यायला हवं, हे तिचं पहिलं आणि शेवटचं वाक्य. माणसांची पारख ती त्यांच्या विहिरीवरून करते. हरमलची माणसं बोलायला खारट, कारण समुद्र विहिरीला खेटून. मांद्र्याच्या तिच्या एका नातेवाइकाने पाहुण्यांसाठी सात खोल्या काढल्या आणि विहिरीला पंप लावला, तेव्हापासून म्हणे नळातून निम्मी हवा येते आणि त्याच्या बोलण्यातूनही. फक्त डिचोलीचं नाव निघालं की ती पारख न सांगता उठते आणि तुळशीला पाणी घालायला जाते. तुळशीला सकाळीच घातलेलं असतं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. दुसऱ्याचं पाणी न पिणारी ही बाई स्वतःचं पाणी कुणालाही नाही म्हणत नाही. पोस्टमन, पावाचा सायकलवाला, वाट चुकून आलेला अर्ध्या चड्डीतला गोरा, सगळ्यांना तिच्या पडवीत कोप भरून पाणी मिळतं. कोप म्हणजे आमच्याकडे पेला. पोर्तुगीज गेले, पेले राहिले.

सत्तरावं वर्ष लागलं त्या आठवड्यात ती माझ्या दारात आली. हातात दुरेघी वहीचं पान.

"सत्या, तुझी गाडी तयार कर. आपणाक वरती वचूचा असा."

वरती म्हणजे उत्तरेला. पानावर चार नावं होती. कुडाळला चुलतभाऊ अनंता, कणकवलीला शिक्षिकेच्या कोर्समधली मैत्रीण सुलभा, कोल्हापूरला मामेभावाचा मुलगा सुधीर. ही तिन्ही नावं शाईने, शुद्धलेखनाच्या वहीत शोभतील अशी. चौथं शिसपेन्सिलीने: कुमुद, सातारा.

कुमुद ही तिची सख्खी धाकटी बहीण. डिचोलीला खाणीच्या ऑफिसात कामाला होती, आणि तिथेच मातीचा ट्रक चालवणाऱ्या एका साताऱ्याच्या माणसाशी तिने लग्न केलं. मावशीचे वडील फार मानी. त्यांनी मुलीला घराचा उंबरठा बंद केला. वडील जाऊनही बावीस वर्षं झाली, पण दोघी बहिणींत पत्र नाही की फोन नाही. एवढं सगळ्या पेडण्याला माहीत होतं.

"मावशे, कुमुदमावशी दार उघडील?" मी विचारलं.

"म्हणान तर पेन्सिलीन लिवलंय," ती म्हणाली.

माझ्या गाडीबद्दल माझी बायको म्हणते, की हिला दोनच वेग आहेत, चालू आणि बंद. त्या गाडीत पहाटे प्रथम काय चढलं असेल, तर पाच पाच लिटरचे तीन कॅन. स्वतः शेंदलेलं, गाळलेलं पाणी. कपड्यांची पिशवी मागाहून आली, आणि ती कॅनपेक्षा लहान होती.

कुडाळला अनंताभाऊंनी तांब्याच्या लोट्यातून पाणी पुढे केलं. मावशीने पिशवीतून बाटली काढली. अनंताभाऊंचा चेहरा लोट्याच्या रंगाचा झाला.

"काय गो इंदू, आमच्या पाण्यात किडे पडले काय?"

"तसा न्हय रे. माझा पोट नाजूक."

ह्या नाजूक पोटाने नंतर सहा वडे आणि कोंबडीचा रस्सा दोनदा घेतला. स्वयंपाकघरातून भावजयीचा आवाज आला, "वाटणीचो राग पाण्यार काढतंत, दुसरा काय!" वाटणी होऊन चाळीस वर्षं झाली होती आणि तिच्यात मावशीला काहीच मिळालं नव्हतं, त्यामुळे खरं तर राग धरण्याची पाळी तिची होती. पण आपल्या लोकांत ज्याला जास्त मिळतं तोच जास्त दिवस रागावलेला असतो. निघताना अनंताभाऊंनी नारळ दिले, न सोललेले. सोललेले पडवीतच राहिले.

कणकवलीला उलटंच झालं. सुलभाताई अलीकडे कुठल्याशा महाराजांच्या नादी लागल्या होत्या. पंच्यात गुंडाळलेला कॅन आणि त्यातलं पाणी डोळे मिटून पिणारी मैत्रीण बघून त्यांनी हात जोडले. "कुठलं गं तीर्थ?" मावशीने "आमच्या बांयचा," म्हणजे विहिरीचं, असं खरं ते सांगितलं. सुलभाताईंनी ते ऐकून घेतलं आणि शेजारी सांगताना 'स्वयंभू झरा' असं सांगितलं. अर्ध्या तासात कॉलनीतल्या बायका वाट्या घेऊन हजर. कुणाला गुडघ्यासाठी हवं, कुणाला मुलाच्या नोकरीसाठी. एक गृहस्थ तर कोर्टाच्या तारखेसाठी अर्धा पेला घेऊन गेले.

"अगे, साधा पाणी ता," मावशी प्रत्येकीला सांगत होती आणि प्रत्येकीला ओतत होती. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायची जीभच तिला नाही. त्या संध्याकाळी दोन कॅन रिकामे झाले. तिसऱ्यावर तिने पंचा घट्ट बांधला आणि तो स्वतःच्या पायांशी ठेवला. तेव्हापासून तिने स्वतःही पाणी पिणं बंद केलं. चहा, उसाचा रस, ताक, मिळेल त्यावर भागवू लागली.

"मावशे, एक कॅन भरलेलो असा मरे," मी म्हटलं.

"असा," म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी फोंडा घाटात माझ्या गाडीने आपला दुसरा वेग धरला. काटा तांबड्यात, बॉनेटमधून वाफ. दुपारचे बारा, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना तापलेला दगड. मी मागचापुढचा विचार न करता मावशीच्या पायांशी हात घातला. तर ही सत्तर वर्षांची बाई टुणकन खाली उतरली, कॅन ओढून घेतला, रस्त्याकडेला ठेवला आणि त्यावर चक्क बसली.

"मावशे, गाडीक पाणी व्हया!"

"तिका नळाचा चलता."

"घाटात नळ खंय असा?"

"मगे सोद. दोन कॅन रिकामे असत, पाय असत."

माझं टाळकं सरकलं. मी म्हातारीला वाट्टेल ते बोललो. सगळ्या कणकवलीला पाजायला पाणी होतं, आणि मला नाही! तिने तिसरीतल्या पोराची तक्रार ऐकावी तसं ऐकून घेतलं आणि जागची हलली नाही. मग मी दोन रिकामे कॅन घेऊन तीन वळणं खाली उतरलो. तिथे एका खडकातून पाणी झिरपत होतं. करंगळीएवढ्या धारेखाली कॅन भरेपर्यंत मी मावशीच्या सात पिढ्यांशी बोलून घेतलं.

परत आलो तर ती तशीच बसलेली. पदर डोक्यावर, ओठ सुकलेले. मी गाडीत पाणी ओतत होतो, तेव्हा ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"बाबा गेले त्या दिसा कुमुद आयलेली. डिचोलीच्या बशीन. भर वैशाखात. अंगणात उभी रवली, भितर येवक नाय. अंगणभर माणसा. माका म्हणाली, 'ताय, पाणी दी गे.'"

मी कॅन खाली ठेवला.

"बाबांनी उंबरो बंद केलो, तेन्ना पाणी पण बंद केल्ला. ह्या बांयचा पाणी तुका नाय, म्हणान सांगलेला. मी कळशी उचल्ली. सगळे माझ्याकडे बघतत. काके, मामे, अनंता. मी ती कळशी परत खाली दवरली. तिने तुझ्या आयकडे मागून पाणी प्याला आणि गेली. परत आयली नाय."

मी तेव्हा चौथीत होतो. अंगणात एक बाई आमच्या कोपातून घटाघटा पाणी पिताना मला आठवते. आईने कोप दुसऱ्यांदा भरला होता.

"त्या दिसापासून माका कोणाच्या घरचा पाणी गळ्याखाली वच नाय," मावशी म्हणाली. "सख्ख्या भैणीक मी दिला नाय. माका लोकांनी कित्याक दियाचा?"

गेली कित्येक वर्षं आम्ही सगळे तिच्या बाटलीवर हसत होतो. मीच सर्वांत जास्त. ह्या बाईने स्वतःला शिक्षा केली होती आणि आम्ही तिला विक्षिप्तपणा समजून लग्नात एकमेकांना कोपरखळ्या मारत होतो. मला स्वतःची फार लाज वाटली. मी कॅन उचलून गाडीत तिच्या पायांशी ठेवला आणि पुढे सबंध घाटात खड्डे चुकवत गाडी चालवली.

कोल्हापूरला सुधीरच्या घरी भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. देव्हाऱ्याला दिवा नव्हता, पण यंत्राला निळा, तांबडा आणि हिरवा असे तीन होते. पेनसारखं एक उपकरण घेऊन तो जो येईल त्याच्या पाण्यात बुडवायचा. त्याने पंच्याची गाठ सोडून ते मावशीच्या कॅनमध्ये घातलं, आकडा बघितला आणि मान हलवली.

"आत्या, हे पिण्यालायक नाही हं. ओतून टाकू, मी तुला माझं भरून देतो."

तो कॅन उचलणार तोच मी झाकणावर हात ठेवला. "गाडीला लागतं," मी म्हणालो. मावशीने त्याच्या हातातून ते उपकरण घेतलं, त्याच्याच चहात बुडवलं आणि आकडा त्याला दाखवला. चहा त्याहूनही नालायक निघाला. सुधीरने तो गार होईपर्यंत तसाच ठेवला.

साताऱ्यात पत्ता विचारत विचारत आम्ही पोहोचलो. एकमजली घर, दारात तुळस. दार कुमुदमावशीनेच उघडलं. केस पांढरे, बाकी तोंडावळा थेट इंदूमावशीचा. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो, त्याला हार. मावशी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आणि मागे मी, हातात पाच लिटर.

कुमुदमावशीने आधी बहिणीकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कॅनकडे.

"या," ती म्हणाली. "बसा."

परक्या माणसाला म्हणतात तसं. मावशीचा चेहरा पडला. आम्ही बसलो. कुमुदमावशीने आत जाऊन दोन पेले आणले.

"नळाचं आहे," ती म्हणाली. "चालतंय का?"

मावशीने पेला उचलला. तिने तो तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही. मग मला म्हणाली, "सत्या, कॅन उघड." त्याच पेल्यात तिने आपलं पाणी ओतलं आणि बहिणीसमोर धरला.

"बांयचा असा," ती म्हणाली. "तेन्ना दिवक नाय, कुमुद. माझा चुकला."

कुमुदमावशीने पेला घेतला नाही. ती त्या पाण्याकडे बघत राहिली, आणि मी मनातल्या मनात पेन्सिलीने लिहिलेलं ते नाव खोडलंदेखील. मग तिने हात पुढे केला. एक घोट घेतला. तोंडात घोळवला. पाणी ओळखायची खोड त्या घरात दोघींनाही होती तर!

"ताय," ती म्हणाली, "प्लास्टिकाचो वास येता गो."

"मगे घरा येवन ताजा पी."

त्यावर दोघी हसल्या, आणि हसता हसता एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. मी गाडीत पाणी आहे का ते बघायला बाहेर गेलो. नसतं तरी चाललं असतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. मे महिन्यात येण्याचं कुमुदमावशीने कबूल केलं होतं, शाईने. कॅन उचलला तर जड. आलेलं भांडं रिकामं परत पाठवू नये, म्हणून तिने तो नळाच्या पाण्याने काठोकाठ भरला होता.

कोल्हापुरात सुधीरने निळा दिवा लागल्याची खात्री करून एक पेला भरला आणि मावशीपुढे धरला.

"नको रे," मावशी म्हणाली, आणि पायांशी ठेवलेला कॅन तिने वर घेतला. "माझ्याकडे माझ्या भैणीच्या घरचा पाणी असा."