पडणाऱ्या उमेदवाराचे शंकरभाऊ

निवडणुकीला तीन आठवडे उरले की मलकापुरातले शंकरभाऊ विचारत फिरायचे, "कोन पडून राह्यलं बे औंदा?" नाव कळलं की धोतर सावरत त्याच्याच घरी हजर. न बोलावता आणि फुकट. त्यामुळे ते ज्याच्या ओसरीवर दिसायचे, त्याच्या घरच्यांची तोंडं उतरायची.

त्या वर्षी ते आमच्या ओसरीवर दिसले.

माझे मामा, निवृत्त गुरुजी, नगराध्यक्षपदाला उभे होते. निशाणी छत्री. समोर कापसाच्या जिनचे मालक शेठ, त्यांची जीप आणि दिवसभर कोकलणारा भोंगा. आमच्याकडे मी आणि माझी सायकल. मामांनी जन्मभर पोरांना नापास केलं होतं, स्वतः नापास व्हायची त्यांना सवय नव्हती. मामी मला हळूच म्हणाली, "हे पडले तं घराबाहेर निघनार नाईत रे."

"सगळं पद्धतशीर करू," शंकरभाऊ म्हणाले. हे त्यांचं पेटंट वाक्य.

मतदारयादी आणि निळी पेन्सिल घेऊन आम्ही गल्लोगल्ली निघालो. भाऊ प्रत्येक दारात एवढंच बोलत, "निकालाच्या दिवशी संध्याकाळी गुरुजीच्या घरी चहाले येजा." समोरच्याने मान हलवली की यादीत खूण. छत्रीचं नाव नाही, मताचं नाही. माझं डोकंच फिरलं.

"भाऊ, मत काऊन नाई मागत तुमी?"

"मत थे कोनालेबी देतीन. तू चहाचं पक्कं कर."

मग मलाच अक्कल सुचली. चहाचं कबूल केलेला माणूस लाजेकाजेने मतही देणार! ही भाऊंची गुप्त चाल मी गावभर फुशारकीने सांगितली. मामीने रेशनच्या दुकानातली कंट्रोलची साखर साठवायला घेतली.

मामा सपाटून पडले.

शेठची मिरवणूक वाजतगाजत पलीकडच्या रस्त्याने गेली. मामा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. मला भाऊंचा असा राग आला होता की काय सांगू.

तेवढ्यात फाटक वाजलं. कोपऱ्यावरचा दर्जी आला. मग भाजीवाल्या माळीणबाई, मग अख्खी गल्ली. कित्येकांच्या कपाळावर शेठचा गुलाल तसाच होता. "चहाले बोलावलं होतं ना," म्हणत बसले बिनदिक्कत. शेवटी मामा बाहेर आले. गुलालवाल्या एका जुन्या विद्यार्थ्याला त्यांनी एकोणतीसचा पाढा विचारला. तो सातव्यालाच अडकला आणि मामा खदखदून हसले. मामी पदराने डोळे पुसत होती.

शंकरभाऊ मागच्या अंगणात कपबश्या विसळत होते. मी शेजारी बसलो.

"मीबी उभा होतो एकदा वार्डात," ते वर न बघता म्हणाले. "पडलो. तुह्या काकूनं पातेलंभर चहा ठेवला होता. लोकं येतीन म्हने. कोनीच आलं नाई. आमी दोघं जनं किती पेनार?"

काकूंना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

त्यांनी एक कप धोतराच्या सोग्याने कोरडा केला आणि माझ्या हातात दिला.

"थो दर्जी कवाचा उभा हाय. त्याले देऊन ये, रिकामा नको जाऊ देऊ."