हुसेनमामांची हवा

हुसेनमामा गरम चहावर कधी फुंकर मारायचे नाहीत. बशीत ओतायचे, बशी पायरीवर ठेवायचे आणि चहा निवेपर्यंत तिच्याकडं बघत बसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चहात माशी पडली असेल. विचारलं तर म्हणाले, "फुकाट हवा घालवायची न्हाई, बीकॉम. हवा कमवावी लागती."

बीकॉम म्हणजे मी. मूळचा न्हावऱ्याचा. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, त्यामुळं ही हाक मला फार आवडायची, खोटं कशाला सांगू. यवतला नोकरी लागली आणि मामांच्या घराला लागून एक खोली भाड्यानं मिळाली. आता मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. शेजाऱ्याचं नाव दारावरच्या पाटीमुळं माहीत आहे, एवढाच आमचा घरोबा. म्हणून मामांची आठवण जरा जास्तच येते.

मामांची सगळी नोकरी कारखान्याच्या कॉम्प्रेसर विभागात गेली. रिटायर झाले, मामी वारल्या, मुलगा इक्बाल नोकरीसाठी बंगळूरला गेला. जाताना आपली एअर रायफल घरी ठेवून गेला. कॉलेजात असताना तो नेमबाजीच्या स्पर्धांना जायचा, तेव्हाची. या बंदुकीत दारू नसते. नळीखाली एक छोटी टाकी असते, तीत हवा भरायची, आणि त्या हवेच्या धक्क्यानं छर्रा सुटतो. पण हवा साधी नाही. मोटारीच्या चाकात असते तिच्या जवळजवळ शंभरपट दाबाची लागते.

"टाकी रिकामी ठिवली की आतला वायसर सुकतो," मामा सांगायचे. म्हणून बंदूक कायम भरलेली. संध्याकाळी परसात, मातीनं भरलेल्या पोत्यावर कागद लावून ते चार-दोन छर्रे मारायचे. पाखरावर कधी नेम धरला नाही. "पाखरं आपल्याच लाईनीतली हायत," म्हणायचे.

हवा भरायला हातपंप होता. दिसायला सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ. दोन्ही पाय त्याच्या बुडाच्या पट्ट्यांवर रोवायचे, हँडल वर ओढायचं आणि अंगाचा सगळा भार टाकून खाली न्यायचं. दाबाचा काटा मुंगीच्या चालीनं चढायचा. मामांचे नियम कडक. "खाली गेल्यावर दम धर. हवेला आत शिरायला दार तर घावू दे." थोडं मारलं की पंप तापायचा. मग सक्तीची विश्रांती. पंप गार होईस्तोवर चहा आणि गप्पा. रस्त्यानं जाणारा माणूस पंपाचा आवाज ऐकून आत डोकवायचा, दोन दणके हाणायचा, बशीभर चहा पिऊन जायचा. पलीकडच्या सरूआक्का डेअरीला दूध घालून आल्या की हमखास थांबायच्या. पंप मारण्यात त्या आम्हा सगळ्यांना भारी होत्या आणि टोमण्यातही. "मामा, येवढ्या येळात माझी म्हैस दोनदा पिळून झाली असती."

गावात प्रत्येकाकडं यावर सोपा उपाय होता. "पंक्चरवाल्याकडनं भरून आणा की!" मामा शांतपणे सांगायचे, "त्याच्या हवेनं छर्रा नळीतबी जागा व्हनार न्हाई." पोपट वेल्डर एकदा मोठ्या प्रेमानं आपला ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत घेऊन आला. "मामा, हवाच हाय की ही, उलट चांगल्यातली!" आयुष्यात पहिल्यांदा मामांना पळताना पाहिलं. सिलिंडरला आडवे झाले. "आरं, बंदूक न्हाई, घर उडंल! तेलाचा एक थेंब आत असला तरी भडका व्हईल. ने भायेर!" पोपट महिनाभर रुसला होता.

एकदा इक्बालच्या मित्रानं पुण्यातून पाणबुडे वापरतात तसला सिलिंडर भरून आणायचं सुचवलं. मामा गेले. त्याचाच रिकामा नेला, भरलेला आणला, पण येताना एसटीच्या कंडक्टरनं अडवलं. "आत काय हाय?"

"हवा."

"हवा यवतला न्हाई का?"

मामा हवेसाठी पुण्याला पुन्हा कधी गेले नाहीत.

मग एका उन्हाळ्यात मामांच्या छातीत कळ आली. पुण्याला नेलं, स्टेंट टाकली. डॉक्टरांनी जोराचं काम बंद केलं. इक्बाल धावत आला, आठ दिवस राहिला आणि जाताना हवा भरायचं विजेचं मशिन आणून ठेवलं. बटण दाबायचं आणि बसायचं. पोरगा बापावर चिडला होता, कारण घाबरला होता. माझ्यादेखत म्हणाला, "अब्बा, तो पंप भंगारात द्या. परत घरात दिसला तर तुम्हाला बंगळूरला घेऊन जाईन. घराला कुलूप लावीन."

"देतो की," मामा म्हणाले.

पंप सरूआक्कांच्या गोठ्यात कडब्यामागं गेला.

मशिन मात्र मामांनी इमानदारीनं लावून पाहिलं. घरघर सुरू झाली, आळीतली कुत्री भुंकली, आणि आम्ही ऐसपैस बसेपर्यंत टाकी भरली. सरूआक्का दुधाची किटली घेऊन दारात आल्या. "झालं व्हय?" म्हणाल्या. आता थांबून करायचं काय, म्हणून तशाच गेल्या. मीही उठलो. दुसऱ्या दिवशी मशिनवर चादर पडली होती. "लई भसाभसा भरतंय. ओल धरती आत," मामा म्हणाले.

त्यानंतर रोज संध्याकाळी हाक यायची. "ए बीकॉम! हवा संपली रं!" आक्का कडब्यातून पंप काढून आणायच्या. मामा खुर्चीत बसून हुकूम सोडायचे आणि आम्ही आळीपाळीनं घाम गाळायचो. डॉक्टरांचा शब्द मोडत नव्हता, इक्बालचा मोडत होता. त्याला कळलं तर यवत सुटणार, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. तरी हाक चुकायची नाही.

मला मात्र एक कोडं सुटेना. पोत्यावरच्या कागदाला भोकं पडत नव्हती, मग टाकी रोज रिकामी कशी? मी म्हणालो, "मामा, कुठंतरी लीक आहे. पुण्याला दुरुस्तीला नेऊ."

मामा एकदम भडकले. "लीक न्हाई! उगं हुशारी करू नगंस."

एका सुट्टीच्या दुपारी खोलीत पडलो होतो. परसातून आवाज आला. फट्. थोड्या वेळानं पुन्हा, फट्. भिंतीवरून पाहिलं. मामा पोत्यासमोर उभे होते. बंदुकीत छर्रा घालत नव्हते. खटका ओढायचे, घोडा दाबायचे, हवा जाऊ द्यायचे. दर खेपेला काटा जवळून बघायचे. कुठवर आला, किती राहिला.

मी खाली वाकलो आणि संध्याकाळी आक्कांना गाठलं. त्या धार काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुला आज कळलं व्हय? बीकॉम केलंस कशाला मंग?"

दुरुस्तीची गोष्ट मी पुन्हा काढली नाही.

त्याच आठवड्यात एकदा ऐन पंप मारताना इक्बालचा फोन आला. मामांनी हात वर केला. हँडल अर्ध्यावर होतं आणि सोडलं तर उसळी मारून वाजणार, म्हणून मी पोटानं त्यावर भार देऊन तसाच ओणवा राहिलो. मामांना ऐकू कमी येतं, त्यांचा फोन सगळ्या परसाला ऐकू येतो.

"अब्बा, फुसफुस कसली येतीय?"

मामांनी इकडंतिकडं पाहिलं. "सरूची म्हैस हाय."

आक्कांनी कमरेवर हात ठेवले.

"मशिन चालतंय ना नीट?"

"झ्याक चालतंय. बटन दाबलं की काम फत्ते."

"गोळ्या घेताय ना? बरं, मीटिंग आहे. ठेवू?"

"आरं, जेवलास का..." मामांनी विचारलं. पण फोन बंद झाला होता. त्यांनी तो लगेच खाली घेतला नाही. कानाला तसाच धरून "हां... हां" करत राहिले, मग सावकाश खिशात ठेवला.

"काय म्हंतोय इक्बाल?" आक्कांनी विचारलं. सगळं ऐकलं असूनही विचारलं.

"लई बोलत हुता," मामा म्हणाले. "सोडीनाच."

"बापाला सोडवत न्हाई त्याला," आक्का म्हणाल्या आणि चहाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

मी हँडल हळूहळू खाली दाबत गेलो.