इस्तंबूलचं डोकं

परदेशात जाऊन डोक्यावर केस लावून यायचे आणि सापगावात कुणाला पत्ताही लागू द्यायचा नाही, हा बेत फक्त माझ्यासारख्या हुशार माणसालाच सुचू शकतो! बाबांना सांगितलं, कंपनीचं ट्रेनिंग आहे, गुजरातला. घरात आम्ही दोघंच; आई जाऊन बरीच वर्षं झाली. एकटं राहायला नको म्हणून बाबा सिद्धगडाखाली आत्याकडे गेले. तिथे फोनला रेंज नाही. म्हणजे चौकशीची भानगडच मिटली!

इस्तंबूलमध्ये मात्र माझी पाचावर धारण बसली. आधी त्यांनी माझं उरलंसुरलं रान साफ केलं, अगदी तुळतुळीत. मग सुया आल्या. भाताची लावणी करावी तसे मागचे केस उपटून पुढे लावत सुटले. मी मराठीत ओरडतोय, "अहो बाई, मरेन मी!" आणि ती नर्स गोड हसून मान डोलावतेय! निघताना दुभाष्याने दम भरला: डोक्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही, टोपी घालायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. नाहीतर सगळी लावणी वाया!

डोकं जपत जपत शहापूरला उतरलो, तर समोर आमचा शेजारी महादू. माझं डोकं बघितलं आणि त्याचा चेहराच पडला. मोटरसायकल तशीच सोडून त्याने मला मिठी मारली.

"संदीप! सोन्यासारका मानूस रे तुजा बाबा!"

"काय झालं बाबांना?"

"बोलू नको. रड तू. मोकला हो."

मी तिकडे केसांच्या नादात, आणि इकडे बाबा! फोन लावला. लागेना. आत्याला लावला. तोही लागेना. तोवर महादूने सापगावात फोन केलासुद्धा.

घरी पोचलो तर अंगणात ही गर्दी! भिमीकाकीने मला ओढून छातीशी धरलं आणि डोक्यावरून हात फिरवायला लागली.

"पोरका झालास रे!"

"काकी, डोकं! डोक्याला हात नको!"

"भ्रमलंय पोर," काकी बाकीच्यांना म्हणाली आणि तिने दुसराही हात लावला.

"बाबा कधी गेले?" मी कसंबसं विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "आमी काय सांगू? तुलाच ठाव ना रे!"

एवढ्यावर शहाण्या माणसाने ओळखलं असतं. पण भीतीने माझी अक्कल केव्हाच पळाली होती. "मला आत्याकडे ने," एवढंच मी महादूला म्हणालो. मुरबाडच्या रस्त्यावर ऊन नुसतं भाजत होतं. डोक्यावरून घामाच्या धारा. मला केसांची शुद्ध नव्हती. देवा, शेवटचं तोंड तरी बघायला मिळू दे, एवढंच घोकत होतो.

आत्याच्या ओटीवर बाबा वालाच्या शेंगा सोलत बसले होते!

मला बघून त्यांच्या हातातली शेंग गळून पडली. चेहरा पांढराफटक.

"कोन गेला रे?"

"तुम्ही!"

बाबांनी घाबरून आपल्याच छातीला हात लावून बघितला. "मी? कवा?"

"हा महादू म्हणाला!"

"मी कुटं म्हनलो?" महादू मागून किंचाळला. "याचा डोका बगूनच समाजलो मी! बाप जिता असताना कोन डोका भादरतो रे?"

माझ्या डोक्यात आता उजेड पडला. मी पायरीवरच बसलो आणि लहान पोरासारखा हमसून रडलो. रडत रडत सगळं सांगून टाकलं. इस्तंबूल, सुया, लावणी, सगळं. आत्याने तोंडाला पदर लावला, हसायला की रडायला कोण जाणे.

बाबा जवळ आले, वाकून माझं डोकं नीट निरखून बघितलं.

"मंजे मी मेलो का हे पन काडावे लागतील?"

"तुम्ही मरूच नका, बाबा!" मी त्यांचे पाय घट्ट धरून ओरडलो.

शप्पथ सांगतो, त्या वेळी केसांचा विचार माझ्या मनातही नव्हता. बाबांना ते अजून पटलेलं नाही.