दर गुरुवारी कोण जेवायचं?

उभा जन्म मी पोरांना व्याकरण शिकवलं. स्पॅनिश क्रियापद माझ्यासमोर शेपूट हलवत येतं, असं मी गावात सांगत असे. त्यामुळे माझे मेहुणे, बहीण कासिल्दाचे नवरे वेन्सेस्लाओ गेले आणि त्यांच्या बेल्जियन जावयावर, योरिसवर, चर्चमध्ये चार शब्द बोलायची पाळी आली, तेव्हा मी म्हटलं, "पोराला माझ्या हवाली करा. तासाभरात त्याला भूतकाळात नेऊन सोडतो."

कासिल्दा रडून सुजली होती. तशातही म्हणाली, "दादा, आज तरी मास्तरकी नको."

मी कसला ऐकतो. योरिसला अंगणात बसवलं.

"पूर्वी नेहमी घडायच्या त्या गोष्टी सांगायला हा काळ. सेनार म्हणजे रात्री जेवणं. शेवटचा आर छाटायचा, आबा चिकटवायचा. सेनाबा."

"यो सेनाबा," योरिस म्हणाला. मी जेवायचो.

"यो कशाला? कर्ता क्रियापदाच्या पोटातच असतो. सारखं मी-मी केलंस तर परका वाटशील."

पोरगा आज्ञाधारक. चर्चमध्ये उभा राहिला, डोळे पुसले आणि खणखणीत म्हणाला, "दर गुरुवारी तोरो गावात, फिलोमेनाकडे, सेनाबा. आणि घरी सगळ्यांसमोर कायाबा."

कायार म्हणजे गप्प राहणं, त्याचं कायाबा. उच्चार इतके सुरेख, की मी कौतुकाने आजूबाजूला पाहिलं. लोकांचे चेहरे दिसले आणि माझा घोळ माझ्या ध्यानात आला. सेनाबा म्हणजे मी जेवायचो. पण 'तो जेवायचा' हेही सेनाबाच! दोघांचं रूप एक. कर्ता गाळल्यावर अंत्यविधीला आलेले लोक कर्ता कोणाला धरणार? पेटीत निजलेल्याला.

"फिलोमेना म्हणजे ती विधवा ना?" मागच्या बाकावर कुजबुज झाली.

"दर गुरुवारी? आणि आम्हाला गुडघे धरलेत म्हणायचा की."

कासिल्दाचं रडणं तिथेच थांबलं. दफनभूमीत ती सरळ पाथरवटाकडे गेली.

"दगडावर माझ्या नावासाठी जागा सोडली आहेस ना?"

"हो बाई."

"तिथे वेल कोर."

"कसली?"

"कसलीही. मला पलीकडच्या भिंतीपाशी पुरा."

घरी पोचताच मी योरिसला कोपऱ्यात घेतलं. "अरे, तुझे सासरे फिलोमेनाकडे जेवायचे?"

"बाबा? नाही मामा. मी जेवायचो. ते गप्प राहायचे. त्याचेच आभार मानत होतो."

"आणि तिच्याकडे कशाला?"

त्याने आवाज खाली आणला. "तिची खाणावळ आहे. गुरुवारी इथे आईंचं लसणाचं सूप असायचं, म्हणून मी आधीच तिकडे जेवून यायचो."

आता मेहुण्याला बदफैली राहू द्यावं की बहिणीचं सूप उघडं पाडावं? मेलेल्या माणसाची बाजू कोणीतरी घ्यायला हवी होती. मी कासिल्दाला सगळं सांगून टाकलं.

 ती योरिसला म्हणाली, "तुझी वाटी तर रिकामी असायची."

"तुम्ही आत गेलात की बाबा संपवायचे."

"इतकं आवडायचं त्यांना?"

 त्याची बायको, माझी भाची नुरिया म्हणाली, "सांग रे आता."

"म्हणायचे, माझ्याही घशाखाली उतरत नाही, पण दोघांनी कशाला मरायचं."

कासिल्दाचा चेहरा हळूहळू विस्कटला. "मला तरी कुठे आवडतं? पातेलं रिकामं व्हायचं. वाटलं, यांना आवडतं. म्हणून करत राहिले."

आणि ती रडली. सकाळपेक्षाही जास्त.

सांत्वनाला येणाऱ्यांसाठी म्हणून चुलीवर त्याच सुपाचं मोठं पातेलं होतं. फिलोमेनाचं नाव ऐकल्यावर कोण येतंय! कासिल्दाने डोळे पुसले आणि आम्हा चौघांना वाढलं. वेन्सेस्लाओची खुर्ची तशीच रिकामी होती. तिकडे कोणी बघत नव्हतं.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"वाईट," योरिस म्हणाला, आणि वाटी पुढे केली. "अजून द्या."

मग काय, मलाही वाटी पुढे करावी लागली.